औषधाच्या रेणूचं पेटंट ‘ऑब्व्हियस’ (जाणकाराला उघड असलेलं) म्हणून नाकारलं तर: गोव्यातल्या अर्जदारासाठी अपिलाच्या कामाचा क्रम

वेर्णा, कुंडई, कोलवाळ इथल्या लहान कंपन्यांच्या आणि स्वतंत्र संशोधकांच्या नकाराच्या ऑर्डरी माझ्याकडे येतात, त्या बहुतेक वेळा उशिरा येतात. ऑर्डरला दोन-सव्वादोन महिने उलटलेले असतात आणि सोबत अपिलाचा एक मसुदा तयार असतो. त्याची पहिली आठ-दहा पानं रोग किती गंभीर आहे, संशोधनावर किती खर्च झाला आणि रेणू किती गुणी आहे याच सांगण्यात गेलेली असतात. कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या अधिकाऱ्याने, नेमकं काय म्हटलं आणि ते कुठे चुकलं हे पान अकरावर सुरू होतं, आणि तेही दोन परिच्छेदांत आटोपतं.

अपिलात हायकोर्ट ऑर्डर तपासतं. ज्या कागदांवर ती उभी आहे ते कागद आणि तिच्यातली कारणं कोर्टासमोर असतात. त्यामुळे तयारीचा मोठा भाग ऑर्डर वाचण्यात जातो, लिहिण्यात कमी. खालचा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे. तो मोडू नका, कारण बऱ्याच चुका पुढचं काम आधी केल्याने होतात.

टप्पा १: ऑर्डर कोणत्या कलमाखाली आहे आणि तारीख काय

ऑर्डरचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. ‘कलम १५ खाली अर्ज नाकारण्यात येत आहे’ असं असेल तर पेटंट कायदा १९७० च्या कलम ११७ए खाली हायकोर्टात अपील करता येतं. पण एफईआरला (पेटंट कार्यालयाच्या पहिल्या तपासणी अहवालाला) मुदतीत उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज कलम २१ खाली ‘सोडून दिलेला’ धरला असेल, तर ११७ए चा रस्ता बंद आहे. तिथे रिट याचिका लागते आणि तिची मांडणी अगदी वेगळी असते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले मसुदे मी पाहिले आहेत.

मग तारीख. अपिलाची मुदत तीन महिने आहे आणि ती ऑर्डरच्या तारखेपासून मोजली जाते. ईमेल उघडल्याच्या किंवा एजंटने कळवल्याच्या दिवसाचा तिथे उपयोग नाही. महिने कॅलेंडरचे धरायचे. १२ ऑगस्टची ऑर्डर असेल तर १२ नोव्हेंबर, नव्वद दिवसांचा हिशेब नको. हायकोर्ट आपल्या नियमांनुसार जादा वेळ देऊ शकतं, पण तो मागावा लागतो आणि उशिराचं कारण पटवावं लागतं. मी स्वतः शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहितो आणि तीच शेवटची मानतो.

रिव्ह्यूचा प्रश्न इथेच येतो. कंट्रोलरकडे फॉर्म २४ भरून पुनर्विलोकन मागता येतं. त्याची मुदत निर्णय कळवल्यापासून एक महिना आहे आणि ती आणखी एक महिना वाढवून मागता येते. पण रिव्ह्यू उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतो: चुकीचे क्लेम (पेटंटमध्ये मागितलेल्या हक्काचे मुद्दे) विचारात घेतले, दाखल केलेलं लेखी निवेदन पाहिलंच नाही, भलत्याच अर्जातला मजकूर उतरला, अशा गोष्टींसाठी. ‘कंट्रोलरला रसायनशास्त्र कळलं नाही’ हे रिव्ह्यूचं कारण होत नाही.

सावधान: रिव्ह्यू टाकला म्हणून अपिलाचे तीन महिने थांबले असं धरू नका. रिव्ह्यू टाकायचा असला तरी अपिलाची तयारी त्याच दिवशी सुरू करा.

टप्पा २: कुठे दाखल करायचं

गोवा मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही तिथेच आहेत. त्यामुळे गोव्यातल्या अर्जदाराचा अर्ज साधारणपणे अँटॉप हिलच्या कार्यालयाचा असतो आणि अपील मुंबई हायकोर्टात जातं.

दोन गोष्टींनी गोंधळ होतो. पहिली म्हणजे सुनावणी घेणारा कंट्रोलर. सुनावण्या व्हिडिओवर होतात आणि अर्ज तपासणारा अधिकारी दिल्लीत किंवा चेन्नईत बसलेला असू शकतो. ऑर्डरवर त्याचं शहर दिसलं म्हणून अपील त्या शहरात जात नाही, अर्जाचं कार्यालय कोणतं ते बघावं लागतं. सोपी खूण म्हणजे अर्जाचा क्रमांक. हल्लीच्या बारा आकडी क्रमांकात पहिले चार आकडे वर्षाचे असतात आणि पाचवा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. २०१९ नंतर लगेच २ असेल तर अर्ज मुंबईचा.

दुसरी गोष्ट पर्वरीची. हायकोर्टाचं गोवा खंडपीठ घराजवळ आहे, तिथले वकील ओळखीचे आहेत, म्हणून लोक तिथेच टाकायला निघतात. मुंबई पेटंट कार्यालयाच्या ऑर्डरींवरची अपिलं मुंबईच्या मुख्य पीठात, मूळ शाखेत (ओरिजिनल साइड), कमर्शियल मिसेलेनियस पिटिशन म्हणून दाखल होतात. पर्वरीला टाकायचा विचार असेल तर वकिलामार्फत रजिस्ट्रीत आधी विचारून घ्या. अपील परत घेऊन दुसरीकडे टाकण्यात जाणारे दिवस तीन महिन्यांतूनच जातात.

वकिलाबद्दलही एक गोष्ट. पेटंट एजंट कंट्रोलरसमोर उभा राहू शकतो, हायकोर्टात नाही. एजंट आणि वकील दोघंही हवेत. वकिलाला रसायनशास्त्र येत नसेल तर चालेल, पण तुमच्या एजंटने त्याच्याशेजारी बसून निदान दोन दिवस रेणू समजावायला हवा. हे दोन दिवस वाचवू नका.

टप्पा ३: रेकॉर्ड गोळा करा, आणि ते पेटंट कार्यालयातलंच

तुमच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर म्हणजे रेकॉर्ड नव्हे. पेटंट कार्यालयाच्या इनपास पोर्टलवर अर्जाखाली जे कागद अपलोड झालेले दिसतात ते एकेक करून उतरवा आणि तुमच्या फोल्डरशी ताडून पाहा. लागणारे कागद असे: दाखल केलेलं पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), मूळ क्लेम, दुरुस्त केलेले सगळे क्लेम तारखेसह, एफईआर, त्याचं उत्तर, सुनावणीची नोटीस, सुनावणीनंतरचं लेखी निवेदन, कंट्रोलरने दिलेला प्रत्येक पूर्वदस्तऐवज, म्हणजे आक्षेपासाठी दाखवलेला आधीचा प्रकाशित कागद (डी१, डी२ वगैरे), संपूर्ण, आणि ऑर्डरची प्रमाणित प्रत. प्रमाणित प्रतीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.

डी१ किंवा डी२ चिनी किंवा जपानी असेल तर कंट्रोलरने कोणतं भाषांतर वापरलं ते शोधा. मशीन भाषांतरात ‘ऐच्छिक’ आणि ‘पसंतीचा’ यांची अदलाबदल झालेली मला आढळली आहे, आणि ऑब्व्हियसनेसच्या वादात तेवढ्या फरकाने चित्र बदलतं. चांगलं भाषांतर करून घ्या, भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडा.

तपासा:
लेखी निवेदन सुनावणीपासून १५ दिवसांत गेलं होतं ना? त्याची पोचपावती आहे ना?
ऑर्डरमध्ये जे क्लेम उतरवले आहेत ते तुमचे शेवटचे क्लेम आहेत ना?
अर्जदाराचं नाव आजही तेच आहे ना? मधल्या काळात कंपनीचं नाव बदललं असेल किंवा हक्क दुसऱ्याकडे गेले असतील आणि रजिस्टरवर तशी नोंद झाली नसेल, तर अपील कोणाच्या नावाने हा प्रश्न उभा राहतो.
प्री-ग्रँट विरोध, म्हणजे पेटंट मंजूर होण्याआधी कोणाचा विरोध, झाला होता का? झाला असेल तर विरोध करणाऱ्यालाही अपिलात पक्षकार करा.

टप्पा ४: ऑर्डर फोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझा हिशेब असा की तीन महिन्यांतले पहिले तीन आठवडे याच कामाचे.

ऑर्डरची छापील प्रत घ्या आणि ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ (शोधातलं उघड नसलेलं पाऊल) या मथळ्याखालच्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. मग प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे वाक्य वस्तुस्थितीचं आहे (डी१ मध्ये अमुक लिहिलं आहे), अनुमानाचं आहे (म्हणून त्या क्षेत्रातला कुशल माणूस अमुक करील), की नुसता निष्कर्ष आहे (म्हणून ऑब्व्हियस). बहुतेक ऑर्डरींत वस्तुस्थितीची वाक्यं भरपूर असतात, निष्कर्षही ठळक असतो आणि मधलं अनुमान गायब असतं. तुमचं अपील त्या रिकाम्या जागेत आहे.

कायद्याचा आधार नीट समजून घ्या. कलम २(१)(जेए) प्रमाणे इन्व्हेंटिव्ह स्टेपला आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही लागतात, आणि शिवाय तो शोध त्या क्षेत्रातल्या कुशल माणसाला उघड असता कामा नये. हा ‘शिवाय’ लोक विसरतात आणि नुसत्या आर्थिक महत्त्वावर पानं भरतात. तेवढ्याने अपील तरत नाही.

दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २७ नोव्हेंबर २०१५ रोजी रोश विरुद्ध सिप्ला या, एर्लोटिनिब नावाच्या कर्करोगावरच्या औषधाच्या, खटल्यात तपासणीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. कुशल माणूस कोण ते ठरवा. शोधाचा गाभा काय ते ओळखा. प्राधान्य तारखेला (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाला त्या दिवशी) त्या माणसाचं सर्वसाधारण ज्ञान काय होतं ते धरा. आधीच्या दस्तऐवजापासून फरक काय ते काढा. मग तो फरक उघड होता का ते ठरवा, आणि ठरवताना मागाहून आलेलं शहाणपण बाजूला ठेवा. दुसरा निकाल अॅग्रिबोर्ड इंटरनॅशनलचा, ३१ मार्च २०२२ चा. पूर्वदस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे आणि एकावरून दुसरं कुशल माणसाला कसं उघड होतं, या तिन्हींचा विचार कंट्रोलरने ऑर्डरमध्ये दाखवला पाहिजे, असं दिल्ली हायकोर्टाने त्यात म्हटलं. हे दोन्ही निकाल दिल्लीचे आहेत, मुंबई हायकोर्टावर बंधनकारक नाहीत. पटवणारे म्हणून मांडा. सुप्रीम कोर्टाचे निकाल मात्र बंधनकारक, त्यांना जागा आधी द्या.

आता हे कागदावर कसं उतरतं ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा तुमच्या संयुगात पिरिमिडीनच्या गाभ्यावर ठराविक जागी सायक्लोप्रोपाइल गट आहे. डी१ मध्ये तोच गाभा आहे आणि त्याच्या उदाहरण १४ मध्ये त्या जागी मिथाइल आहे. डी२ मध्ये वेगळ्याच गाभ्यावर मिथाइलऐवजी सायक्लोप्रोपाइल लावल्यावर संयुग शरीरात जास्त टिकतं असं लिहिलं आहे. ऑर्डर म्हणते: ‘डी१ आणि डी२ एकत्र वाचल्यास दावा केलेलं संयुग कुशल व्यक्तीला उघड आहे.’ या एका ओळीला विचारायचे प्रश्न असे:

डी१ मध्ये साठ उदाहरणं आहेत, मग सुरुवात उदाहरण १४ पासून का? डी१ च्या तक्त्यात सगळ्यात प्रभावी उदाहरण ३१ असेल तर कुशल रसायनज्ञ तिथून निघाला असता. उदाहरण १४ निवडण्याचं कारण ऑर्डरमध्ये नसेल, तर तुमचा रेणू समोर ठेवून त्याच्याशी सगळ्यात मिळतं उदाहरण मागे जाऊन शोधलं आहे. हेच ते मागाहूनचं शहाणपण. उत्तर माहीत झाल्यावर गणिताच्या पायऱ्या जशा दिसायला लागतात, तसंच.

उदाहरण १४ घेतलं तरी बदल त्याच जागी का? रेणूवर बदलण्याजोग्या पाच जागा असतील तर हीच जागा निवडायला डी१ सांगतो का?

डी२ जोडण्याचं कारण काय? त्याचा गाभा वेगळा, लक्ष्य वेगळं. तिथला अनुभव इथे लागू पडेल अशी वाजवी अपेक्षा रसायनज्ञाला कशावरून वाटली असती?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डी१ उलट दिशेला बोट दाखवतो का? त्याच्या वर्णनात कुठेतरी ‘या जागी मोठा गट आल्यास क्रिया घटते’ असं वाक्य असेल तर ते सोन्यासारखं आहे. ते शोधण्यासाठी डी१ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तक्त्यांसकट वाचावा लागतो. एफईआरमध्ये दिलेले परिच्छेद तेवढे वाचून भागत नाही.

या प्रश्नांचा एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात क्लेममधला घटक, मग डी१ मध्ये काय आहे पान-ओळीसह, मग डी२, मग फरक, मग ऑर्डरने दिलेलं कारण, आणि शेवटी तुमचं उत्तर रेकॉर्डच्या पानासह. ‘ऑर्डरने दिलेलं कारण’ हा रकाना जिथे कोरा राहील तिथे तुमचा पहिला मुद्दा आहे.

सावधान: तक्त्यात ‘ऑर्डर चुकीची आहे’ असं लिहू नका. कोणतं वाक्य, कोणत्या पानावर आणि कोणत्या कागदाशी विसंगत आहे एवढंच लिहा.

टप्पा ५: डेटा तपासा, आणि तुलना कोणाशी केली ते पाहा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंपनीचा संशोधक आपली लॅब नोटबुकं घेऊन फोंड्याला माझ्या घरी आला. पावसाळ्याचे दिवस होते, वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. जेवणाच्या टेबलावर त्या पसरून आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. डेटा उत्तम होता, रेणू खरोखर चांगला होता. पण सगळी तुलना बाजारातल्या एका औषधाशी केलेली. डी१ मधल्या जवळच्या संयुगाशी एकही नाही. ते संयुग बनवून तपासायला त्याला दोन आठवडे लागले असते, आणि एफईआरच्या उत्तरासाठी तेव्हा सहा महिने हातात होते. त्यांच्या एजंटने ते सुचवलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला शब्द सुचेना. म्हणून हा टप्पा मी आग्रहाने सांगतो.

अनपेक्षित परिणाम दाखवायचा तर तुलना सगळ्यात जवळच्या पूर्वसंयुगाशी हवी, त्याच चाचणीत, त्याच परिस्थितीत. बाजारातलं औषध रचनेने लांबचं असेल तर त्याच्यापेक्षा सरस असणं फारसं काही सिद्ध करत नाही.

क्लेमचा आवाका आणि डेटाचा आवाका जुळतो का हेही बघा. मार्कुश क्लेममध्ये (एकाच सूत्रात अनेक संयुगं मागणाऱ्या क्लेममध्ये) शेकडो संयुगं आणि डेटा तीन संयुगांचा असेल, तर कोर्ट विचारणारच की बाकीच्यांचं काय.

परिणामाचं मूळ दाखल केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये हवं. तिथे त्या परिणामाचा उल्लेख आणि थोडा तरी आधार असेल तर नंतरचा डेटा त्याला बळ देतो. मूळ कागदात त्याचा मागमूस नसेल तर नंतरच्या आकड्यांवर विश्वास बसवणं फार कठीण जातं.

अपिलात नवा डेटा जोडता येईल का, हे सगळेच विचारतात. सहज नाही. आधी का सादर करता आला नाही याचं ठोस कारण द्यावं लागतं, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तरी खात्री नसते. म्हणून ज्यांचा अर्ज अजून एफईआरच्या टप्प्यावर आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुलनात्मक डेटा आणि तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र कंट्रोलरसमोरच द्या. एफईआरच्या उत्तराला सहा महिने आहेत, ते तीन महिन्यांनी वाढवून मागता येतात. तज्ज्ञ शक्यतो कंपनीबाहेरचा घ्या. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, रसायनशास्त्र शिकवणारी माणसं आपल्या दाराशी आहेत.

टप्पा ६: कलम ३(डी) ला वेगळं उत्तर द्या

औषधांच्या ऑर्डरींत ऑब्व्हियसनेस आणि ३(डी) हातात हात घालून येतात. ऑर्डर दोन कारणांवर उभी असेल आणि तुम्ही एकच पाडलं, तर दुसऱ्यावर ती उभीच राहते. तरीही ३(डी) ला दोन ओळींत उरकणारे मसुदे येत राहतात.

३(डी) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, म्हणजे क्षार, एस्टर, बहुरूप (त्याच पदार्थाची वेगळी स्फटिकरचना), आयसोमर वगैरे, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर तोच पदार्थ मानला जाईल. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी स्पष्ट केलं की औषधाच्या बाबतीत ही परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. त्यामुळे तुमचं रूप ओलावा कमी शोषतं, गोळी करायला सोपं जातं, जास्त टिकतं, हे गुण इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या युक्तिवादात कामाला येऊ शकतात, पण ३(डी) त एकट्याने चालत नाहीत. रक्तात औषध जास्त पोचतं एवढंही पुरत नाही. त्या जास्त पोचण्याने उपचाराचा गुण वाढला हे डेटाने दाखवावं लागतं. दोन्ही मथळ्यांखाली तोच परिच्छेद चिकटवला की दोन्हीकडे तो अर्धवट पडतो.

ऑर्डरमध्ये ‘माहीत असलेला पदार्थ’ नेमका कोणता ते सांगितलं आहे का, हेही बघा. डीएस बायोफार्माच्या प्रकरणात २०२२ साली दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की ३(डी) चा आक्षेप घ्यायचा तर तो पदार्थ ओळखून दाखवावा लागतो. डी१ च्या सर्वसाधारण सूत्राकडे बोट दाखवून ‘यात तुमचं संयुग येतं’ एवढंच लिहिलं असेल तर तो तुमचा स्वतंत्र मुद्दा आहे.

टप्पा ७: क्लेम आखडायचे का, ते आता ठरवा

आखडता हात घेणं कोणालाच आवडत नाही. पण पाचशे संयुगांचा क्लेम हरण्यापेक्षा चाचणी केलेल्या चार संयुगांचा क्लेम जिंकणं कंपनीच्या जास्त उपयोगाचं असतं, हे मालकांना समजावणं एजंटचं काम आहे. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती वगळणूक, चूक सुधारणा किंवा स्पष्टीकरण या रूपातच होते, आणि ती आधीच्या क्लेमच्या हद्दीत राहावी लागते. म्हणजे आत येता येतं, बाहेर जाता येत नाही. ‘उपचाराची पद्धत’ असा क्लेम शिल्लक असेल तर कलम ३(आय) त तो अडकतो, काढून टाका.

अपिलात सुधारित क्लेम पर्याय म्हणून मांडता येतात. कोर्टांनी काही प्रकरणांत ते विचारात घेतले आहेत. पण मुख्य आधार तो ठेवू नका.

टप्पा ८: मसुदा

आता लिहायला बसा. पहिल्या पानावर रेणूचं चित्र आणि डी१ मधल्या जवळच्या संयुगाचं चित्र शेजारी-शेजारी, फरकाची जागा वर्तुळ करून दाखवलेली. त्याखाली तीन ओळींत ऑर्डरची मुख्य चूक. मग तारखांची यादी, मग वस्तुस्थिती थोडक्यात, मग मुद्दे.

मुद्द्यांचा क्रम वजनाप्रमाणे लावा. ऑर्डरमध्ये कारण नाही, तो रिकामा रकाना, पहिला. मग उलट दिशेला बोट दाखवणारा पूर्वदस्तऐवज. मग डेटा, जो कंट्रोलरसमोर होता पण ऑर्डरमध्ये ज्याचा उल्लेख नाही. मग ३(डी). सुनावणीच्या नोटिशीत नसलेला दस्तऐवज ऑर्डरमध्ये एकदम वापरला असेल तर नैसर्गिक न्यायाचा मुद्दा भक्कम आहे, जरूर घ्या. पण फक्त त्यावर विसंबलात तर बहुधा अर्ज फेरविचारासाठी परत जातो, आणि पेटंटची वीस वर्षं अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जात असल्याने दरम्यानचा काळ तुमच्याच खिशातून जातो. म्हणून मागणी दोन पायांवर ठेवा: मुख्य मागणी ऑर्डर रद्द करून पेटंट मंजुरीची, आणि पर्यायी मागणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे ठराविक मुदतीत फेरसुनावणीची.

परदेशात मंजूर झालेल्या पेटंटांचा उल्लेख एका परिच्छेदात करा. ती इथे बंधनकारक नाहीत. तिथेही हाच डी१ आडवा आला होता आणि ओलांडला गेला असेल, तर ती कागदपत्रं जोडण्यात अर्थ आहे. नुसती देशांची यादी नको.

तपासा: मसुदा कंपनीबाहेरच्या रसायनशास्त्राच्या पदवीधराला वाचायला द्या. दहा मिनिटांत त्याला ऑर्डरची चूक सांगता आली नाही तर पहिली चार पानं पुन्हा लिहा. वाचणारा माणूस गोपनीयतेच्या करारात बांधलेला असावा.

टप्पा ९: दाखल करणं आणि सुनावणी

सत्यापन, वकालतनामा, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, ऑर्डरची प्रत, फी आणि पानांना सलग क्रमांक. सही करणारा माणूस त्या आठवड्यात गोव्यात आहे ना एवढं विचारून ठेवा. नोटरीसमोर सहीसाठी संचालक परदेशातून परतायची वाट बघत पाच दिवस गेल्याचं मी पाहिलं आहे.

दाखल केल्यावर रजिस्ट्री ऑफिस ऑब्जेक्शन काढते. अस्पष्ट झेरॉक्स, भाषांतर नाही, मार्जिन कमी, असली कारणं असतात. ती दिलेल्या वेळेत दूर करा, नाहीतर चांगलं अपील तांत्रिक कारणाने पडून राहतं. रचनासूत्रांची पानं रंगीत आणि मोठी छापा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये बंध पुसट होतात आणि न्यायाधीशांना मिथाइल कुठे, सायक्लोप्रोपाइल कुठे ते दिसत नाही.

सुनावणीत वकिलाने एकच मुद्दा आधी मांडावा, तो रिकाम्या रकान्याचा. ‘हे डी१ मध्ये कुठे आहे?’ असा प्रश्न आला की पान आणि ओळ तिथल्या तिथे सांगता आली पाहिजे. त्यासाठी एजंट किंवा संशोधक कोर्टात हजर हवा. आदल्या रात्रीच्या कोकण रेल्वेने मुंबई गाठणार असाल तर सुनावणीच्या दिवशी पहाटे पोचणारी गाडी धरू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको, एक दिवस आधी पोचा.

टप्पा १०: अर्ज परत आला तर

फेरविचारासाठी अर्ज परत पाठवला गेला की लोक निकालाची प्रत फाइलला लावतात आणि नोटिशीची वाट बघतात. असं करू नका. निकालात मुदत दिली असेल तर ती लगेच कॅलेंडरवर टाका. निकालाची प्रत पेटंट कार्यालयात स्वतः दाखल करा, पोर्टलवर ती आपोआप चढते असं समजू नका.

आणि टप्पा ५ मधली राहून गेलेली तुलना आता करा. नवीन सुनावणी होणार आहे, नवीन लेखी निवेदन जाणार आहे आणि कलम ७९ प्रमाणे पुरावा प्रतिज्ञापत्राने देता येतो. डी१ चं उदाहरण १४ बनवा, तुमच्या संयुगाशेजारी ठेवा, तीच चाचणी दोघांवर करा, नोटबुकच्या पानावर तारीख आणि साक्षीदाराची सही घ्या. सुनावणीची नोटीस हातात पडण्याआधी ते पान तयार असलं पाहिजे.